मुके डिस्पोजल : वीज नेमकी कुठे अडली?

स्विच दाबल्यावर सिंकखालच्या गार्बेज डिस्पोजलमधून कोणता आवाज येतो, यावर पुढची सगळी तपासणी ठरते. नुसताच घुमल्यासारखा आवाज येत असेल आणि आतले काही फिरत नसेल, तर वीज मोटरपर्यंत पोचते आहे. अडली आहे ती आतली चकती. काहीच ऐकू येत नसेल, तर वीज वाटेत कुठेतरी थांबली आहे. पहिला बिघाड यांत्रिक, दुसरा विजेचा. मात्र पहिल्याकडे दुर्लक्ष झाले की थोड्याच वेळात त्याचा दुसरा होतो : अडकलेली मोटर तापते, तिचे संरक्षक बटण उडते आणि इतका वेळ घुमणारे यंत्र एकदम गप्प होते. म्हणून मुक्या डिस्पोजलजवळ बसण्याआधी घरात चौकशी करावी, की बंद पडण्यापूर्वी ते काय करत होते. ‘कालचा भात टाकला होता’ किंवा ‘चमचा पडल्यासारखा खडखडाट झाला’ अशा एका उत्तराने बराच वेळ वाचतो.

हे यंत्र मूळचे अमेरिकेचे. विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावचे वास्तुविशारद जॉन हॅम्स यांनी ते १९२७ मध्ये तयार केले, १९३५ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि १९३८ मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली. आज अमेरिकी उपनगरांतल्या घरांमध्ये ते सर्रास आढळते. न्यूयॉर्क शहराच्या बहुतेक भागात मात्र १९९७ पर्यंत घरगुती डिस्पोजलवर बंदी होती, त्यामुळे तिथल्या जुन्या इमारतींत ते अजूनही कमी दिसते. भारतातून गेलेल्या मराठी कुटुंबाची आणि त्याची गाठ बहुधा भाड्याच्या पहिल्या अपार्टमेंटमध्ये पडते, आणि आत मिक्सरसारखी पाती असतील असा समज होतो. पाती नसतात. मोटरच्या दांड्यावर स्टीलची चकती, चकतीवर सैल फिरणारे दोन ठोकळे आणि भोवती दातेरी कडे, इतकाच तो कारभार. चकती फिरली की खरकटे कडेला फेकले जाते आणि कड्यावर घासून बारीक होते. नात्याने हे यंत्र मिक्सरपेक्षा किसणीला जवळचे. ठोकळा आणि कडे यांच्या फटीत काही रुतले की चकती जागीच थांबते, आणि विजेच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ या फटीत असते.

पॅनेलपासून मोटरपर्यंत विजेच्या वाटेवर तीन रखवालदार बसलेले असतात आणि तिघांची राखण वेगवेगळी असते. पॅनेलमधला ब्रेकर भिंतीतली तार जळू देत नाही. जीएफसीआय नावाचे आउटलेट माणसाला झटक्यापासून वाचवते. यंत्राच्या बुडाशी असलेले लाल बटण मोटरला सांभाळते. तिघांपैकी कोणीही वीज तोडली तरी बाहेरून दिसणारा परिणाम एकच, यंत्र मुके होते. पण तोडणारा कोण हे कळले की बिघाडाची जात कळते. लाल बटण उडाले असेल तर मोटरवर जास्तीचा भार आला होता. जीएफसीआय उडाले असेल तर वीज भलत्या वाटेने, बहुधा पाण्याच्या ओलीतून, गळत होती. ब्रेकर पडला असेल तर सर्किटवर एकूण भार जास्त झाला किंवा कुठे तरी तारा एकमेकींना भिडल्या. एकामागून एक सगळी बटणे दाबत सुटणारा माणूस हा पुरावाच पुसून टाकतो. यंत्र सुरू होते, पण ते का थांबले होते ते कळत नाही आणि आठवड्याभरात पुन्हा तोच प्रकार होतो.

तपासणीला हात घालण्यापूर्वीचा एक नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. डिस्पोजलच्या तोंडात हात घालू नये, ते बंद पडलेले असले तरी. भिंतीवरचा स्विच चालू राहिलेला असतो, कोणी तरी खाली लाल बटण दाबतो आणि चकती त्याच क्षणी फिरू लागते. आत पडलेली वस्तू प्लग काढून, टॉर्चच्या उजेडात, लांब चिमट्याने काढावी.

आधी फुकटचे उपाय

विजेची वाट पॅनेलपासून सुरू होत असली तरी तपासणी तिथून सुरू करायची नसते. ज्याला हत्यार लागत नाही ते आधी पाहावे, हा क्रम बरा.

पहिला स्विच. अमेरिकेत स्विचची दांडी वर केली की चालू आणि खाली केली की बंद. भारतात नेमके उलटे. नव्याने आलेला माणूस, विशेषतः मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, बंद स्विच चालू समजून यंत्र बिघडल्याचे सांगतात. त्यातच सिंकशेजारी दोन-तीन स्विच एका रांगेत असतात, एक वरच्या दिव्याचा, एक डिस्पोजलचा आणि एक कशाचा ते घरमालकालाही ठाऊक नसते. काही घरांत डिस्पोजलचा स्विच सिंकखालच्या कपाटाच्या आत बसवलेला असतो.

काही सिंकजवळ, ओट्यावरच, नळाच्या बाजूला एक गोल बटण असते. हा हवेचा स्विच. बटण दाबले की बारीक प्लास्टिकच्या नळीतून हवेचा दाब खालच्या डबीपर्यंत जातो आणि डबी वीज जोडते. ओल्या हाताचा आणि विजेचा संबंधच येत नाही. ही नळी डबीवरून निसटली तर यंत्र पूर्ण मुके होते, आणि ती परत नीट दाबून बसवणे एवढीच दुरुस्ती असते. आणखी एका प्रकारच्या डिस्पोजलला भिंतीवर स्विचच नसतो. तोंडावरचे झाकण ठरलेल्या जागी बसवून फिरवले तरच ते चालते. झाकण अर्धवट बसले किंवा त्याच्याखाली भाजीचा देठ अडकला तरी यंत्र जागचे हलत नाही.

मग प्लग. सिंकखालचे कपाट म्हणजे घराचा अडगळीचा कोपरा : कचऱ्याचा डबा, भांड्यांच्या साबणाच्या बाटल्या, आणि मराठी घर असेल तर पिशव्यांनी भरलेली एक मोठी पिशवी. यातले काही ओढताना-ढकलताना प्लग सैल होतो. शिवाय डिस्पोजल चालताना थरथरते आणि ती थरथर वायरीतून प्लगपर्यंत जाते. प्लग काढून त्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या आहेत का ते पाहावे आणि नसतील तर घट्ट बसवावा. काळे डाग किंवा वितळलेले प्लास्टिक दिसले तर ते आउटलेट पुन्हा वापरू नये. आतली पकड सैल झाली आहे आणि तिथे ठिणग्या पडल्या आहेत, असा त्याचा अर्थ.

या आउटलेटची एक खोच आहे. त्याला दोन तोंडे असतात. अनेक घरांत त्यांतले एक भिंतीवरच्या स्विचच्या ताब्यात असते, डिस्पोजलसाठी, आणि दुसरे कायम चालू असते, डिशवॉशरसाठी. दोन तोंडांना जोडणारी पितळी पट्टी मुद्दाम तोडून ही सोय केलेली असते. साफसफाईनंतर किंवा डिशवॉशर बदलून गेल्यावर प्लगांची अदलाबदल झाली की मोठी गंमत होते : डिशवॉशर अचानक ‘बिघडतो’, आणि भिंतीवरचा स्विच चालू केला की तो जिवंत होतो. डिस्पोजल मात्र आता कायम चालू असलेल्या तोंडात गेलेले असते. ते त्या वेळी लाल बटण उडून गप्प असेल, तर बटण दाबताच स्विचला न जुमानता सुरू होईल. डिशवॉशर आणि डिस्पोजल यांच्या तक्रारी एकाच दिवशी सुरू झाल्या तर दोन यंत्रे एकदम बिघडली असे समजण्याआधी प्लगांची अदलाबदल तपासून पाहावी.

लाल बटण

डिस्पोजलच्या बुडाला, कधी अगदी मध्याजवळ तर कधी कडेला, नखाएवढे लाल बटण असते. ते वरून दिसत नाही. आडवे होऊन पाहावे, किंवा मोबाइलचा कॅमेरा खाली धरून फोटो काढावा. बटण आत गेलेले असेल तर ते उडालेलेच नाही, तेव्हा मोटरचा रखवालदार निर्दोष. ते थोडेसे बाहेर आले असेल तर मोटर तापून त्याने वीज तोडली आहे.

अर्ध्या अश्वशक्तीची मोटर चालताना साधारण सहा-सात अँपिअर वीज घेते. चकती अडली की हाच आकडा काही पटींनी वाढतो, आणि गुंडाळी जळण्याआधी बटण उडते. ते लगेच दाबले तर टिकत नाही, कारण आतली धातूची पट्टी अजून गरम असते. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. तेवढ्या वेळात भिंतीवरचा स्विच बंद करून आणि प्लग काढून चकती मोकळी करावी. बुडाच्या मधोमध सहा कोनांचे भोक असते. त्यात पाव इंची अ‍ॅलन की घालून ती दोन्ही दिशांना मागेपुढे फिरवावी. सुरुवातीला जोर लागतो, मग रुतलेला तुकडा सुटतो आणि की सहज पूर्ण वेढा घेऊ लागते. बऱ्याच यंत्रांबरोबर ही की मिळते आणि ती हमखास हरवते. हार्डवेअरच्या दुकानात तशीच मिळून जाते. काही यंत्रांना बुडाशी भोक नसते. तिथे वरून झाडूचा लाकडी दांडा घालून ठोकळ्याला बाजूने रेटावे, दांडा आणि प्लग यांची जागा मात्र चुकू देऊ नये : दांडा आत तर प्लग बाहेर.

चकती मोकळी झाल्यावर बटण हलकेच दाबावे. ‘टक्’ असा आवाज होऊन ते आत राहिले पाहिजे. मग प्लग लावावा, गार पाणी सोडावे आणि स्विच चालू करावा. यंत्र थंड असून, चकती मोकळी असूनही बटण आत राहत नसेल, तर ते बटणच निकामी झाले आहे. बटण राहते पण यंत्र सुरू केल्यावर काही सेकंदांत परत उडते, तर मोटरमध्ये दोष आहे. बटणावर टेप चिकटवून ते आत धरून ठेवण्याची युक्ती कधी कधी ऐकू येते. ती आग लावण्याची युक्ती आहे.

मराठी स्वयंपाकघरात हे बटण कशाने उडते, ते ठरलेले आहे. शेवग्याच्या शेंगांचे चोथे, मक्याच्या कणसाचे केस, कोथिंबिरीच्या जुड्यांचे देठ आणि केळीची साल यांचे धागे चकतीभोवती गुंडाळले जातात. आंब्याची कोय, नारळाच्या करवंटीचा तुकडा आणि चिंचोका ठोकळ्याखाली पाचरीसारखे बसतात. भात आणि कणीक अडकत नाहीत, पण पाण्यात फुगून पुढच्या नळीत लगदा करून बसतात; पाणी तुंबते आणि मोटरला घट्ट गाळात फिरावे लागते. तूप आणि फोडणीचे तेल नळीत गोठते, म्हणूनच यंत्र चालवताना गरम नव्हे तर गार पाणी सोडायचे : गोठलेला तुकडा बारीक होऊन वाहून जातो, वितळलेले तूप पुढे जाऊन थिजते. आणि या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा सापडतो तो पोह्यांच्या डिशमधून घसरलेला स्टीलचा चमचा.

जीएफसीआय आणि ब्रेकर

लाल बटण आतच असेल तर पुढचा संशयित जीएफसीआय. आउटलेटच्या मध्यावर ‘टेस्ट’ आणि ‘रीसेट’ अशी दोन छोटी बटणे असली की ते जीएफसीआय. गेलेली आणि परत आलेली वीज यांत सुमारे पाच मिलिअँपिअरचा फरक पडला तरी ते वीज तोडते. भारतातल्या नव्या घरांत मुख्य पेटीजवळ सगळ्या घराला मिळून जे आरसीसीबी बसवतात, त्याचाच हा भाऊ, फक्त जास्त हळवा आणि जागोजागी बसवलेला.

अडचण अशी, की डिस्पोजलचे जीएफसीआय सिंकखालीच असेल असे नाही. एक जीएफसीआय त्याच्या पुढच्या सगळ्या साध्या आउटलेटांना सांभाळते, आणि ते ओट्यावर टोस्टरच्या मागे, फ्रिजजवळ, जुन्या घरांत तर गॅरेजमध्येही सापडते. म्हणून सगळी जीएफसीआय फिरून पाहावीत आणि जिथे ‘रीसेट’ बाहेर आलेले असेल तिथे ते दाबावे. नव्या जीएफसीआयचे बटण, त्याच्यापर्यंतच वीज पोचत नसेल तर, दाबूनही आत राहत नाही; तेव्हा ते खराब ठरवण्याआधी ब्रेकर पाहावा. काही घरांत हे काम पॅनेलमधला ब्रेकरच करतो. त्याच्यावर ‘टेस्ट’ असे लिहिलेले छोटे बटण दिसते.

‘रीसेट’ दाबून वीज आली, पण डिस्पोजल चालू करताच पुन्हा गेली, तर यंत्राचा प्लग काढून पाहावे. प्लग काढल्यावर जीएफसीआय शांत राहत असेल तर गळती यंत्रातच आहे. यंत्राच्या बुडावर हात फिरवावा. ओल किंवा गंजाचा ओघळ लागला तर वरच्या कप्प्यातले सील फाटून पाणी मोटरमध्ये उतरले आहे. हे यंत्र दुरुस्त होत नाही, आणि ते जीएफसीआय नसलेल्या आउटलेटला जोडून चालवणे म्हणजे रखवालदाराला घरी पाठवून दार उघडे टाकणे.

ब्रेकरचे पॅनेल म्हणजे राखी रंगाचे लोखंडी दार; ते गॅरेजमध्ये, बेसमेंटमध्ये किंवा अपार्टमेंट असेल तर बेडरूमच्या कपाटामागे असते. आत प्रत्येक ब्रेकरसमोर चिठ्ठी असते, पण तीवर भरवसा ठेवू नये, कारण ती घर बांधताना कोणी तरी घाईत लिहिलेली असते. डिस्पोजलचा ब्रेकर १५ किंवा २० अँपिअरचा असतो. भारतात एमसीबी पडला की त्याची दांडी सरळ खाली येते आणि लांबूनच कळते. अमेरिकेतले बहुतेक ब्रेकर पडल्यावर दांडी मधेच थांबते, चालू आणि बंद यांच्या अधेमधे, आणि ओळीत नजर फिरवताना ती चालूच वाटते. म्हणून प्रत्येक दांडीवर बोट फिरवून सैल कोणती ते पाहावे. मधली दांडी नुसती वर ढकलून भागत नाही; आधी ती पूर्ण बंदच्या बाजूला, ‘कट्’ होईपर्यंत न्यावी आणि मग चालू करावी. अनेकांचा ‘ब्रेकर खराब आहे’ हा निष्कर्ष केवळ या अर्ध्या ढकलण्यातून आलेला असतो. फार जुन्या घरांत ब्रेकरऐवजी काचेचे स्क्रूसारखे फ्यूज असतात. तिथे जळालेला फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा बदलावा, मोठा घालू नये.

ब्रेकर एकदा चालू करून पाहावा. लगेच परत पडला तर दुसऱ्यांदा प्रयत्न करू नये. तारांत कुठे तरी थेट जोड झाला आहे. तो लगेच न पडता फक्त डिशवॉशर चालू असतानाच डिस्पोजल लावल्यावर पडत असेल, तर बिघाड कशातच नाही. पाणी तापवणारा डिशवॉशर दहाच्या आसपास अँपिअर घेतो, त्यात डिस्पोजलचे सहा-सात मिळाले की १५ अँपिअरची मर्यादा ओलांडली जाते. दोन्ही एका वेळी चालवू नयेत, आणि पुढे कधी स्वयंपाकघराचे काम निघाले तर डिस्पोजलला वेगळे सर्किट घ्यावे.

टेबललॅम्पची परीक्षा

तिन्ही रखवालदार जागेवर आहेत आणि तरी यंत्र मुके, अशा वेळी दोष घराच्या वायरिंगमध्ये आहे की यंत्रात, हा एकच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर द्यायला मल्टीमीटर लागत नाही. डिस्पोजलचा प्लग काढावा, त्याच तोंडात एक टेबललॅम्प लावावा, दुसरीकडे पेटवून खात्री केलेला, आणि भिंतीवरचा स्विच चालू करावा. दिवा लागला तर वीज इथपर्यंत येते आहे. दोष वायरीत किंवा यंत्रात. दिवा लागला नाही तर दोष आउटलेटच्या मागे, म्हणजे स्विच, जोडणी किंवा त्यामागच्या तारा यांत. दिवा स्विच हलवल्यावर लुकलुकला, तर स्विच झिजला आहे. मल्टीमीटर असेल तर आउटलेटच्या दोन उभ्या फटींमध्ये साधारण १२० व्होल्ट दिसले पाहिजेत.

झिजलेला स्विच हे मुक्या डिस्पोजलचे फार दुर्लक्षित कारण आहे. दिव्याचा स्विच किरकोळ भार तोडतो. डिस्पोजलचा स्विच प्रत्येक वेळी मोटरचा भार जोडतो आणि तोडतो, आणि दर वेळी त्याच्या टोकांवर बारीक ठिणगी पडते. काही वर्षांनी टोके जळून जातात. स्विचची दांडी सैल लागणे, ‘टक्’ आवाज मऊ होणे, कधी दोनदा दाबल्यावरच यंत्र सुरू होणे, ही त्याची आधीची लक्षणे.

स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्याआधी

इथून पुढचे काम तारांचे आहे. भाड्याच्या घरात ते भाडेकरूचे नाहीच. घराच्या व्यवस्थापनाकडे दुरुस्तीची मागणी नोंदवावी आणि आतापर्यंत काय काय तपासले ते लिहून द्यावे, म्हणजे आलेला माणूस पुन्हा लाल बटणापासून सुरुवात करणार नाही. स्वतःच्या घरातही तारांची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवावा.

सवय असलेल्यांसाठी सावधगिरीची सूचना जास्त गरजेची आहे, कारण भारतात शिकलेला हात इथे फसतो. भारतातल्या घरगुती वायरिंगमध्ये काळी तार न्यूट्रल असते आणि फेज लाल, पिवळी किंवा निळी. अमेरिकेत काळी तार हीच जिवंत, पांढरी न्यूट्रल, आणि हिरवी किंवा उघडी तांब्याची अर्थिंगची. ‘काळी म्हणजे निर्धोक’ ही भारतातली सवय इथे जिवावर बेतू शकते. पांढरीवरही विसंबून चालत नाही : जुन्या घरांत स्विचकडे जाणाऱ्या जोडतारेत पांढरी तारसुद्धा जिवंत असते, आणि तिच्यावर खुणेची काळी टेप लावायला पूर्वीचा कारागीर अनेकदा विसरलेला असतो. सामानातून आणलेला निऑनचा टेस्टर १२० व्होल्टवर फिका पेटतो आणि दिवसाउजेडी पेटलाय की नाही तेच कळत नाही. न शिवता वीज ओळखणारा टेस्टर इथल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो घ्यावा. वापरण्याआधी चालू असलेल्या आउटलेटवर तो वाजतो ना ते पाहावे, मगच ब्रेकर बंद करून कामाच्या तारांवर धरावा.

स्विचच्या पेटीत पाहायचे ते जोड. घाईने बांधलेल्या घरांत तारा स्क्रूखाली न आवळता स्विचच्या पाठीमागच्या भोकात नुसत्या खुपसलेल्या असतात. काही वर्षांनी त्या सैल होतात. तार काढून बाजूच्या स्क्रूखाली वेढा देऊन आवळली की पुष्कळदा बिघाड संपतो.

काही डिस्पोजलना प्लगच नसतो. भिंतीतली केबल थेट यंत्राच्या बुडाशी जाते. तिथे ब्रेकर बंद करून, टेस्टरने खात्री करून, बुडाचे छोटे लोखंडी झाकण उघडावे. आत काळी काळीला आणि पांढरी पांढरीला प्लास्टिकच्या टोप्यांखाली पिळलेली दिसते, आणि अर्थिंगची तार हिरव्या स्क्रूला. वर्षानुवर्षांच्या थरथरीने एखादी टोपी सैल होते. तारेला हलकेच ओढून पाहावे; ती हातात आली तर मुकेपणाचे कारण सापडले.

मोटरच गेली असेल तर

आउटलेटवर दिवा लागतो, लाल बटण आत आहे, चकती हाताने फिरते, आणि तरीही शांतता, तर मोटरची गुंडाळी तुटली किंवा लाल बटणाचा आतला भाग जळाला. साध्या इंडक्शन मोटरच्या यंत्रात याची परीक्षा प्लग काढून, प्लगच्या पट्ट्यांवरच घेता येते. मल्टीमीटर ओहमवर ठेवून दोन चपट्या पट्ट्यांमध्ये थोडेसे ओहम दिसले तर वाट अखंड आहे. अनंत दिसले तर ती तुटली आहे. चपटी पट्टी आणि गोल पिन यांच्यामध्ये मात्र अनंतच दिसायला हवे. तिथे काहीही आकडा आला तर वीज यंत्राच्या अंगावर येते आहे आणि ते यंत्र तसेच बाजूला ठेवून द्यावे. कायम चुंबकाच्या, जोरात फिरणाऱ्या मोटरच्या यंत्रात मधे इलेक्ट्रॉनिक भाग असतो, तिथे या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये.

मोटर गेली की दुरुस्तीच्या फंदात पडण्यात अर्थ नसतो. साध्या अर्ध्या अश्वशक्तीच्या नव्या यंत्राची किंमत दुरुस्तीच्या मजुरीहून फारशी वेगळी नसते, आणि दहा-बारा वर्षे झालेल्या यंत्राचे सीलही म्हातारे झालेले असते. नवीन घेताना जुन्याच कंपनीचे घेतले तर सिंकखालचे कडे बहुधा तेच चालते. वायर आणि प्लग मात्र बऱ्याच यंत्रांबरोबर येत नाहीत; ते दुकानातच विचारून घ्यावे, नाही तर सिंकखाली आडवे झाल्यावर आठवण होते. भारतात परतताना हे यंत्र सामानात घालण्याचा मोह काहींना होतो. व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी तो ५० हर्ट्‌झचे ६० हर्ट्‌झ करण्याचा प्रश्न सोडवत नाही. इंडक्शन मोटर तिथे सुमारे एक षष्ठांशाने हळू फिरते आणि जास्त तापते. भारतात २३० व्होल्टची यंत्रे मिळतात, तीच घ्यावीत.

बिघाड सापडून वीज परत आली की पहिल्यांदा यंत्र रिकामेच, नुसत्या गार पाण्यावर, मिनिटभर चालवावे आणि त्या वेळी सिंकखाली टॉर्च धरून बुडाकडे पाहावे. थेंब पडत नाही, खडखड नाही, जळका वास नाही, एवढे पाहून झाले की पॅनेलच्या चिठ्ठीवर त्या ब्रेकरसमोर स्वच्छ अक्षरात ‘डिस्पोजल’ लिहावे, आणि सिंकखालच्या दाराच्या आतल्या बाजूला, प्लगला धक्का लागणार नाही अशा उंचीवर, अ‍ॅलन की टेपने चिकटवून ठेवावी.